शेजारी निवडण्याचा अधिकार

२०१८ सालच्या पावसाळ्यात मला न्यूयॉर्कहून एक पत्र आले. आता पत्र म्हणजे ई-मेलच. पण लिहिणाऱ्याने आपल्या मंडळीच्या रीतीप्रमाणे "काकांना सलाम" अशी सुरुवात केली होती. हा तरुण आमच्या बडोद्याच्या मंडळीतला. सहा वर्षे तो माझ्या शब्बाथशाळेच्या वर्गात बसला, पुढे इंजिनियर झाला आणि नोकरीनिमित्त अमेरिकेत गेला. त्याने मॅनहॅटनच्या पूर्व भागात, श्रीमंतांच्या वस्तीत, एका उंच इमारतीच्या सव्विसाव्या मजल्यावर एक बेडरूमचे घर पाहिले होते. इमारत 'को-ऑप', म्हणजे सहकारी पद्धतीची. पैशांची जुळवाजुळव झाली होती. आता इमारतीच्या संचालक मंडळाकडे अर्ज द्यायचा होता आणि त्यासोबत ओळखीच्या माणसांची शिफारसपत्रे जोडायची होती. त्यांपैकी एक मी लिहावे, अशी त्याची विनंती होती.

पत्राच्या शेवटी त्याने संकोचाने दोन ओळी लिहिल्या होत्या. "काका, मी शांत राहतो, नीटनेटका आहे, माझ्याकडे फारसे कोणी येत-जात नाही, एवढेच लिहावे. घरी माणसे जमवण्याविषयी काही लिहू नये, असे दलालाने सांगितले आहे."

त्या दोन ओळी वाचून मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. या मुलाचा सर्वांत चांगला गुण कोणता, असे मला कोणी विचारले असते तर मी नेमकी तीच गोष्ट सांगितली असती. कॉलेजात असताना त्याने कावीळ झालेल्या एका परगावच्या मुलाला तीन आठवडे आपल्या खोलीत ठेवून घेतले होते. स्वतः जमिनीवर निजत होता. पाहुणचार करण्यास तत्पर असा, हे पौलाने रोमकरांस सांगितलेले मी त्याला शिकवले होते, आणि शिकवलेले आचरणात आणणारे विद्यार्थी कोणत्याही शिक्षकाला थोडेच मिळतात. आता तोच गुण लपवा, असे तो मला सांगत होता. एका घराच्या दारातून आत जाण्यासाठी सद्गुण झाकून ठेवावा लागत असेल, तर ते दार कसले आहे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे. आज तो वाचकांपुढे मांडतो, कारण तो केवळ न्यूयॉर्कचा प्रश्न नाही.

प्रथम ही को-ऑप पद्धत समजून घेतली पाहिजे. न्यूयॉर्कच्या अशा इमारतीत घर घेणारा माणूस खरे पाहता घर विकत घेत नाही. संपूर्ण इमारत एका कंपनीच्या मालकीची असते. घर घेणारा त्या कंपनीचे शेअर घेतो आणि त्या शेअरांच्या आधारे त्याला आपल्या घराचा भाडेपट्टा मिळतो. शेअर किती, ते घराचा आकार व मजला पाहून ठरते. म्हणून तीच एक बेडरूम खालच्या मजल्यावर असली तर शेअर कमी आणि वर असली तर बहुधा जास्त. दरमहा मेंटेनन्स भरायचा. त्यातून इमारतीचा कर, इमारतीवरील कर्जाचा हप्ता, हिवाळ्यातील उष्णतेची सोय आणि दरवानाचा पगार भागतो. रहिवासी आपल्यांतूनच संचालक मंडळ निवडतात. नवा माणूस यायचा झाला तर या मंडळापुढे त्याने आपले उत्पन्न, कराचे कागद, बँकेचे हिशेब व शिफारसपत्रे ठेवायची, समक्ष मुलाखत द्यायची आणि निकालाची वाट पाहायची. मंडळ होकार देते किंवा नकार देते. नकार दिला तर त्याचे कारण न सांगण्याची तिथली फार जुनी रीत आहे.

१९५९ साली न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे मॅनहॅटनच्या पार्क अव्हेन्यूवरील अशाच एका इमारतीचा खटला आला होता. लिफ्ट आणि जिने-व्हरांडे कोणाबरोबर वापरायचे हे त्या इमारतीच्या मालकांनी आपसांत ठरवण्यास हरकत नाही, अशा अर्थाचा निर्णय न्यायालयाने दिला. पुढे वंश, वर्ण, धर्म, राष्ट्रीयत्व यांवरून घर नाकारणे बेकायदा ठरले. १९६८ चा अमेरिकेचा गृहविषयक कायदा प्रसिद्ध आहे. परंतु जिथे कारण सांगावेच लागत नाही, तिथे खरे कारण कोणते होते हे सिद्ध करणे किती कठीण, हे वकिलाला विचारण्याची गरज नाही. नकार केवळ गरिबालाच मिळतो असेही नाही. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना १९७९ साली मॅनहॅटनमध्ये को-ऑपचे घर घ्यायचे होते, पण तिथल्या रहिवाशांनी विरोध केला आणि शेवटी त्यांनी दुसरीकडे स्वतंत्र घर घेतले.

आता कोणी म्हणेल, यात पाप कोणते? आपल्या घरात कोणाला घ्यायचे हे घरमालकाने ठरवू नये काय? हा आक्षेप मी हलका मानत नाही. सहकारी इमारतीत एकाने मेंटेनन्स थकवला तर त्याचा भार बाकीच्यांना उचलावा लागतो. १९३० नंतरच्या मंदीत न्यूयॉर्कच्या पुष्कळ को-ऑप इमारती याच कारणाने बुडाल्या. काही सभासदांचे पैसे येईनात, उरलेल्यांना ओझे पेलवेना, आणि निर्दोष माणसेही घराला मुकली. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करावा, हे प्रभूनेही सांगितले आहे (लूक १४). तेव्हा येणारा माणूस आपला वाटा उचलू शकेल की नाही हे पाहणे म्हणजे कठोरपणा नव्हे. ती आधीपासून राहणाऱ्या विधवेची आणि पेन्शनवर जगणाऱ्याची काळजी आहे.

परंतु हिशेब पाहणे आणि माणूस पाहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एकाच फाईलमध्ये दोन्ही कागद असतात, आणि पहिल्याच्या आडून दुसरे कधी सुरू होते हे पाहणाऱ्यालाही कळत नाही.

सहकार हा शब्द आम्हां बडोदेकरांना परका नाही. १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने बडोद्यात 'अन्योन्य सहकारी मंडळी' स्थापन झाली. आपल्या देशातील सहकाराचा आरंभ सांगताना तिचे नाव घेतात. अन्योन्य म्हणजे एकमेकांचे. एकट्याला न पेलणारे ओझे चारचौघांनी उचलावे, ही त्यामागची कल्पना. न्यूयॉर्कमध्येही सहकारी घरांची एक शाखा अशाच कल्पनेतून वाढली. ब्रुकलिनच्या सनसेट पार्क भागात फिनलंडहून आलेल्या कामगार कुटुंबांनी १९१६ साली पैसे एकत्र करून स्वतःसाठी एक इमारत उभी केली आणि तिला 'आल्कू' असे नाव दिले. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ आरंभ. १९२७ साली ब्राँक्स भागात कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेने सहकारी वसाहत उभारली. घरमालकाच्या मर्जीवर जगणाऱ्या माणसांनी घरमालकाची गरजच उरू नये म्हणून केलेले हे प्रयत्न होते.

आणि १९६२ साली मॅनहॅटनच्या चेल्सी भागात, शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांच्या कपड्यांच्या धंद्यातील कामगार संघटनेच्या आधाराने 'पेन साउथ' नावाची वसाहत उभी राहिली. दहा उंच इमारती, २,८२० घरे. उद्घाटनास राष्ट्राध्यक्ष केनेडी आले होते. तेव्हा कामगारांची म्हणून ओळखली जाणारी ती वस्ती आज शहरातील महाग वस्त्यांत मोडते. तरीही पेन साउथमधील एक बेडरूमचे घर बाजारभावाने विकता येत नाही. सभासद सोडून गेला तर ठरलेल्या हिशेबानेच त्याचे पैसे परत मिळतात, आणि नवा सभासद सोडतीने तयार झालेल्या यादीतून क्रमाने येतो. बाजारभावाने विकण्याची मुभा घ्यावी काय, हा प्रश्न सभासदांपुढे मतदानाला आला तेव्हा त्यांनी ती नाकारली. हातात आलेला फायदा त्यांनी पुढच्या, न पाहिलेल्या माणसासाठी सोडला. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचे प्रमुख संघटक बायर्ड रस्टिन हे काळे पुढारी, श्रद्धेने क्वेकर, १९६२ पासून १९८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत याच वसाहतीत राहिले.

म्हणजे पाहा, शहर एक, शब्द एक, घराचा आकारही जवळजवळ एक. एका इमारतीत 'सहकार' म्हणजे पुढच्या माणसासाठी वाट ठेवणे, आणि दुसरीत 'सहकार' म्हणजे सर्वांनी मिळून दार लावणे. पेन साउथ म्हणजे देवराज्य आहे असे मी म्हणत नाही. तिथेही यादीत नाव यायला माणसाला वर्षानुवर्षे थांबावे लागते. पण थांबणाऱ्याला एवढे ठाऊक असते की आपल्याला कोणी तोंड पाहून नाकारलेले नाही.

आता माझ्या पत्राचे काय झाले ते सांगतो. मी दोन्ही लिहिले. हा तरुण देणे वेळेवर देतो, कोणाला त्रास देत नाही, हे लिहिले. आणि आजाऱ्याला दारातून परत पाठवणारा हा माणूस नव्हे, असा शेजारी मिळणे भाग्याचे आहे, हेही लिहिले. खोटे न लिहिण्याचा मोठेपणा मी त्यात मानत होतो, हे कबूल करतो. मुलाखत झाली. दहा दिवसांनी दलालाकडून एका ओळीचा निरोप आला की मंडळाने अर्ज मान्य केलेला नाही.

त्या रात्री त्याने फोन केला. रागावला असता तर मला बरे वाटले असते. तो विचारत होता, "काका, माझ्यात काय कमी पडले?" पगार कमी होता का? आडनाव चमत्कारिक वाटले का? मुलाखतीत इंग्रजी उच्चार चुकले का? कोट जुना होता, तो दिसला का? माझ्या पत्राविषयी त्याने विचारले नाही, पण मी मात्र स्वतःला विचारले. याचे उत्तर त्यालाही मिळाले नाही, मलाही नाही. तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. कारण सांगून नकार मिळाला तर माणूस त्या कारणाशी भांडतो, ते सुधारतो, किंवा हसून सोडून देतो. कारण न देता नकार मिळाला तर जगातली सगळी कारणे तो स्वतःवर घेतो.

हे मला इतके स्पष्ट दिसले, त्याला एक कारण होते. ते सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

१९९४ साली मी बडोद्यात आमच्या राहत्या सोसायटीच्या कमिटीवर होतो. चोवीस घरे होती आणि ख्रिस्ती घर आमचे एकटेच. वरच्या मजल्यावरील एक घर विकायचे होते. घेणारा गृहस्थ नगरपालिकेच्या सफाई खात्यात मुकादम होता. कर्ज मंजूर झालेले, कागद चोख. तो कमिटीला भेटायला आला तेव्हा कापडी पिशवीत आपल्या दोन मुलींची प्रगतिपुस्तके घेऊन आला होता. कोणी मागितली नव्हती. त्याने ती स्वतःहून टेबलावर ठेवली. तो गेल्यावर एकजण म्हणाले, "माणूस चांगला आहे, पण आपल्या इमारतीला शोभायचे नाही." खरे कारण त्याच्या आडनावात होते आणि ते प्रत्येकाला ठाऊक होते. चिटणिसांनी विचारले, "कोणाची हरकत?" कोणीच बोलले नाही. मीही बोललो नाही. मालकाने घर विकण्याचा विचार बदलला, असे त्याला कळवण्यात आले.

माझ्या मनात त्या वेळी जे चालले होते तेही लिहितो, कारण पुष्कळ वाचकांच्या मनात ते कधी ना कधी चालले असेल. मी म्हटले, आपण इथे एकटेच ख्रिस्ती, यांनी आपल्याला घेतले हेच पुष्कळ. आज तोंड उघडले तर उद्या आपल्याकडे बोट होईल. म्हणजे मला जे दार मोठ्या मिनतवारीने उघडले गेले होते, ते दुसऱ्यासमोर लावताना मी हात दिला, आणि त्याला शहाणपण म्हटले. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घराण्यांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहत होते. शुभवर्तमानाने त्यांना माणूस म्हणून हाक मारली. त्यांचे नातू-पणतू आज सोसायटीच्या कमिटीवर बसतात, ही देवाची कृपा आहे. पण त्या खुर्चीवर बसून आपण काय करतो, हे तीच कृपा आपल्याला विचारते.

न्यूयॉर्कचा फोन ठेवल्यावर मला त्या पिशवीतली प्रगतिपुस्तके आठवली. त्या गृहस्थानेही घरी जाऊन बायकोला विचारले असेल, आपल्यात काय कमी पडले?

पवित्र शास्त्रात या विषयावर काही आहे काय, असे विचारणाऱ्याने याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय उघडावा. सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला तर त्याला चांगली जागा, आणि मळक्या वस्त्रांतला आला तर त्याला पायांशी बैस, असे करणारे लोक मनात वाईट विचार बाळगणारे न्यायाधीश झाले, असे याकोब म्हणतो. लक्षात घ्या, तिथे कोणी दरिद्र्याला हाकलून दिलेले नाही. केवळ जागा वेगळी दाखवली. तेवढ्यालाही याकोब पाप म्हणतो. यशया संदेष्ट्याने घराला घर जोडून, दुसऱ्याला जागाच उरणार नाही अशा रीतीने देशात एकटे राहणाऱ्यांविषयी हाय हाय केली आहे. आणि आपला तारणारा जन्मला त्या रात्री त्याच्या आईला उतारशाळेत जागा नव्हती. ही कथा आपण दर नाताळात मुलांकडून करवून घेतो. उतारशाळेच्या मालकाची भूमिका करायला कोणी मूल सहसा तयार नसते. आपण मोठी माणसे मात्र ती वर्षभर करतो.

परंतु सर्वांत खोल जाणारा शब्द लूकाच्या दहाव्या अध्यायात आहे. शास्त्र्याने विचारले, माझा शेजारी कोण? त्याला रेघ हवी होती: इथपर्यंत शेजारी, इथून पुढे परके. प्रभूने गोष्ट सांगितली आणि प्रश्न उलटा करून परत दिला: त्या तिघांपैकी शेजारी कोण झाला? शेजारी सापडत नसतो, तो व्हावे लागते, हा धडा आपण नेहमी शिकवतो. मला त्या गोष्टीतील वाटेवर पडलेल्या माणसाविषयी एक विचार सुचतो. समजा, त्याच्या आदल्या दिवशी तो यरुशलेमात आपल्या आळीच्या पंचांमध्ये बसला असता आणि या शमरोन्याने तिथे घर घेण्यासाठी अर्ज केला असता, तर त्याने काय केले असते? जवळजवळ निश्चित सांगता येते. मग यरीहोच्या वाटेवर, रक्ताने माखलेल्या स्थितीत, त्याला शेजारी निवडण्याचा अधिकार उरला नाही, आणि त्यामुळेच तो वाचला. आपण सुदृढ असतो तोवर आपल्याला निवड हवी असते. आपण पडतो तेव्हा जो येईल तो देवाने पाठवलेला असतो.

येथे कोणी म्हणेल, मग ख्रिस्ती लोकांनी आपापल्या वसाहती केल्या त्याही चूक म्हणायच्या काय? प्रश्न रास्त आहे. १९१५ साली मुंबईत गावदेवी येथे सारस्वत गृहसंस्था स्थापन झाली, ती एका ज्ञातीच्या लोकांसाठीच होती. अहमदाबादच्या पारशी गृहसंस्थेने सभासदत्व पारशांपुरते ठेवले होते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम वैध ठरवला. लहान समाजाला एकत्र राहावेसे वाटते. उपासनेला जवळ, म्हाताऱ्यांना सोबत, मुलांना आपली भाषा. परप्रांतात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी मंडळ्यांना हे समजावून सांगायला नको. थंडीत कुडकुडणारी चार माणसे जवळ सरकून बसली तर तो गर्व नव्हे. पण शेकोटी त्यांच्या हाती आल्यावर पाचव्याला ते जागा देतात की नाही, यावरून त्यांची परीक्षा होते. जो नियम दुबळ्याचे पांघरूण म्हणून सुरू झाला, तो त्याच्या नातवाच्या हातात काठी होऊ शकतो. म्हणून अशा नियमांकडे प्रत्येक पिढीने नव्याने पाहिले पाहिजे.

आता त्या तरुणाचे पुढे काय झाले? वर्षभराने त्याने क्वीन्समधील जॅक्सन हाइट्स भागात सहाव्या मजल्यावर एक बेडरूमचे को-ऑप घर घेतले. ही वस्तीही विचार करण्याजोगी आहे. शंभर वर्षांपूर्वी, १९२० च्या दशकात, तिथल्या नव्या को-ऑप इमारतींत यहुदी व काळ्या लोकांना घर मिळत नसे. आज त्याच भागात चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर साड्यांची, मिठाईची आणि मसाल्यांची दुकाने आहेत, आणि जगातल्या कितीतरी भाषा कानांवर पडतात. माणसांनी लावलेली दारे कायमची नसतात. त्याच्या लहानशा बैठकीत आता महिन्यातून एकदा पाच-सहा मराठी कुटुंबे प्रार्थनेला जमतात. चपला दाराबाहेर मावत नाहीत, असे त्याने लिहिले होते.

दोन वर्षांपूर्वी त्याचे पुन्हा पत्र आले. त्या इमारतीच्या संचालक मंडळावर त्याची निवड झाली होती. "काका, आता लोकांच्या फायली माझ्या टेबलावर येतात. एखाद्याला नको म्हणायचे झाले तर मी काय करू?"

पहिल्या वेळी मी त्याच्यासाठी शिफारसपत्र लिहिले होते. या वेळी पत्र लिहिण्याआधी मला गुडघे टेकावे लागले. मग मी त्याला दोन प्रश्न लिहून पाठवले, आणि तेच या लेखाचे सार आहे.

पहिला प्रश्न: माझ्या नकाराचे खरे कारण मी त्या माणसाच्या तोंडावर, त्याच्या मुलांसमोर, सांगू शकेन काय? तिथले वकील कदाचित कारण सांगू देणार नाहीत. तो भाग वेगळा. पण सांगता येईल असे कारण असले पाहिजे. तुझे उत्पन्न या खर्चाला पुरणार नाही, हे सांगता येते. तू आम्हांला शोभत नाहीस, हे सांगताना जीभ अडखळते, आणि ते अडखळणे म्हणजे विवेकबुद्धीचा आवाज आहे.

पण एवढ्याने भागत नाही. जगात निर्लज्ज माणसेही आहेत. तुझी जात अमुक, म्हणून नको, असे ती तोंडावर सांगतात आणि वर स्पष्टवक्तेपणाचा अभिमान बाळगतात. म्हणून दुसरा प्रश्न: हेच कारण माझ्या मुलाला कोणी दिले असते, तर मी ते न्याय्य म्हणून मान्य केले असते काय? लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपण त्यांच्याशी वागावे, ही प्रभूची आज्ञा (मत्तय ७) कमिटीच्या टेबलावर अशीच उतरते. या दोन प्रश्नांतून जो नकार पार पडत नाही, तो ख्रिस्ती माणसाने देऊ नये. आणि इतर सर्व देत असतील तर गप्प बसू नये. मौनाला इतिवृत्तात संमती म्हणून लिहितात. देवाच्या पुस्तकातही ते तसेच लिहिले जात असेल, अशी मला भीती वाटते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती. चांगल्या शमरोन्याचा पाठ घेताना मुलांना एवढेच विचारू नका की वाटेवर जखमी माणूस दिसला तर तुम्ही काय कराल. असा प्रसंग क्वचित येतो, आणि उत्तर सर्वांना पाठ असते. त्यांना विचारा, वर्गात नवा मुलगा आला तर त्याला आपल्या बाकावर जागा देता काय? डबा खाताना कोणाला बाजूला बसवता? आणि का, हे त्याला सांगू शकता काय? आजचा बाक हीच उद्याची कमिटी आहे. दारे लावायची सवय माणसाला फार लहानपणी लागते, आणि उघडायचीही.

त्या मुकादमाचा मी नंतर शोध घेतला. त्यांनी दुसऱ्या भागात घर बांधल्याचे कळले. २०१९ साली मी त्यांच्याकडे गेलो आणि जे घडले होते ते सांगितले. मालकाने विचार बदलला नव्हता, आम्ही नाकारले होते, आणि मी गप्प बसलो होतो. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्हांला तेव्हाच कळले होते, साहेब. पण कोणी सांगितले नव्हते." त्यांच्या पत्नीने चहा आणला. धाकटी मुलगी शिक्षिका झाली आहे, असे त्यांनी सांगितले. मी ज्यांना दारातून परत पाठवले होते, त्यांच्या घरात बसून मी चहा घेतला.

आपला प्रभु दाराशी उभा राहून ठोठावतो, असे प्रकटीकरणात लिहिले आहे. तो कोणत्या आडनावाने, कोणते कागद हातात घेऊन येईल, हे तिथे लिहिलेले नाही. पित्याच्या घरात पुष्कळ खोल्या आहेत, आणि तिथे आपल्याला जागा मिळणार ती आपल्या फाईलकडे पाहून नव्हे. ज्यांना अशी जागा देऊ केली आहे, त्यांनी या जगातील आपापल्या मजल्यावर दाराची कडी जरा सैल ठेवावी.